भात, भाकरी आणि थापणारे हात
(मठाच्या वर्धापन-महोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



पंगत उठल्यावर अन्नाविषयी बोलणे सोपे असते. पोट भरलेले असले म्हणजे श्रोतेही उदार होतात. परंतु मला ज्याविषयी बोलावयाचे आहे तो प्रश्न पंगतीच्या आधीचा आहे आणि गेले काही महिने आपल्या कोठीत त्यावर वाद चालू आहे. महाप्रसादात पूर्वीप्रमाणे ज्वारीची भाकरी पुन्हा आणावी काय? माझे मत प्रथम अगदी ठाम होते. ते तसे का राहिले नाही, हे सांगण्यासाठीच मी उभा आहे.

आपला आदिलाबाद जिल्हा काळ्या मातीचा. एके काळी हा सारा भाग हैदराबाद संस्थानात होता. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले व आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले; 2014 पासून आपण तेलंगणात आहोत. सीमा अशा हलल्या, तरी पैनगंगेच्या दोन्ही काठांवरचे ताट पुष्कळ काळ एकच होते. मराठी माणूस जिला भाकरी म्हणतो तिला तेलुगू शेजारी जोन्न रोट्टे म्हणे. आपली अंबील त्यांची अंबली होई. आणि डोंगरातल्या गोंड बांधवांचे मुख्य धान्यही ज्वारीच. भात असे तो सणाला, पाहुण्याला, किंवा दुखणेकऱ्याला. आमच्या घरी तांदळाचा डबा उंच फळीवर असे आणि तो खाली उतरला की आम्ही मुले ओळखत असू की कोणी तरी येणार आहे किंवा कोणाला तरी ताप आला आहे.

हा डबा फळीवरून खाली आणला तो सरकारी दुकानाने. 1983 साली आंध्र प्रदेशात एन. टी. रामाराव यांच्या सरकारने दोन रुपये किलोने तांदूळ देण्यास आरंभ केला. जे अन्न श्रीमंतांचे म्हणून ठाऊक होते ते गरिबाच्या पिशवीत आले. त्याने ते आनंदाने घेतले यात नवल ते काय? 2025 च्या उगादीला तर तेलंगणात शिधापत्रिकेवर बारीक तांदूळ मोफत देण्याची योजना सुरू झाली. एकीकडे हे घडत असता शेतातून ज्वारी मागे सरत होती. कापसाला रोख पैसा मिळतो. 2002 मध्ये बीटी वाणाला परवानगी मिळाल्यावर तर पांढरे सोने बांधापर्यंत पोहोचले. मग चहूकडे कापूस आणि मध्ये एखाद्याचीच ज्वारी उभी राहिली, तर पंचक्रोशीतील सारी पाखरे त्या एका वावरात उतरतात. गोफण घेऊन दिवसभर माचाणावर बसणार कोण? शिवाय कणसे भरताना पाऊस लागला की खरिपाचा दाणा काळा पडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारीत नाही.

ही सारी कारणे मला ठाऊक होती. तरीही मी माणसांच्या जिभेला दोष देत असे. दोन वर्षांपूर्वी याच मंडपात मी भाताची निंदा आणि भाकरीची थोरवी असे एक तासभर प्रवचन केले. ते संपल्यावर कापूस वेचणीला जाणारी एक वृद्ध बाई जवळ आली आणि म्हणाली, “गुरुजी, तुमी सांगता ते खरं. पण तुमच्या घरी भाकर थापते कोण?” मी निरुत्तर झालो. तिने बोटे पुढे केली. बोंडांच्या टोकदार कवचाने ती ओरखडली होती. पहाटे तांदूळ चुलीवर ठेवला की तो आपोआप शिजतो, तेवढ्यात पाणी भरून होते. सहा माणसांच्या भाकऱ्या मात्र एकेक करून तव्यावर टाकाव्या लागतात. माझ्या घरी चाळीस वर्षे भाकरी थापली ती माझ्या पत्नीने, आणि मी कधी साधी परातही उचलली नव्हती.

भाकरीचे गुण खोटे नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणे 100 ग्रॅम ज्वारीत तंतुमय अंश सुमारे 10 ग्रॅम, तर सडलेल्या तांदळात 3 ग्रॅमहूनही कमी. लोह ज्वारीत सुमारे 4 मिलिग्रॅम, तर तांदळात 1 मिलिग्रॅमही नाही. मधुमेह ज्या घरात शिरला आहे त्या घराने याचा विचार करावा. परंतु याच संस्थेचा दुसरा अनुभवही आम्ही भाकरीभक्तांनी ऐकला पाहिजे. 1960 च्या सुमारास डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी पाहिले की, तेलंगणातील ज्या गरिबांच्या ताटात ज्वारीखेरीज जवळजवळ काहीच नसे त्यांना पेलाग्रा नावाचा विकार होत असे. उन्हात उघडी पडणारी कातडी काळी पडून सोलते आणि मनही बिघडते. डाळ, दूध आणि पालेभाजी यांच्या सोबतीने भाकरी पथ्यकर. एकटीने ती पुरेशी नाही.

आता धर्माचे म्हणाल तर, गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत, पण त्या श्लोकांत एकाही धान्याचे नाव नाही. आपण मात्र एकादशीला ताटात काय असावे यावर भांडतो, आणि ज्या साबुदाण्यावर उपवास सोवळा मानतो त्याचा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणे, बटाटा आणि हिरवी मिरचीही तिकडचीच! त्या कोणी आणल्या हे फराळाच्या वेळी कोणाच्याही मनात येत नाही. सवय झाली की परके अन्न आजीच्या हातचे वाटू लागते. तांदळाचेही तेच झाले आहे. यापेक्षा मला केसलापूरच्या नागोबा जत्रेतील रीत अधिक शिकवून जाते. पौष अमावास्येच्या त्या उत्सवात मेश्राम कुळाची शेकडो कुटुंबे ठरलेल्या मोजक्या चुलींवर पाळीपाळीने स्वयंपाक करतात. तेथे काय शिजते यापेक्षा चूल कोणाच्या वाट्याला केव्हा येते याला महत्त्व आहे.

म्हणून कोठीच्या समितीपुढे माझे म्हणणे असे आहे. भात बंद करू नये. लांबून आलेल्या वृद्धांना व लहान मुलांना तो सोसतो, आणि गरिबाला मिळालेल्या बारीक तांदळाला आपण नाक मुरडणे शोभत नाही. महिन्यातून दोन एकादशा सोडून दर गुरुवारी भाकरी, वरण आणि अंबाडीची भाजी असावी. ज्वारी बाजारातून न आणता, जे दोन-तीन शेतकरी भक्त अजून ती पेरतात त्यांच्याकडून पेरणीपूर्वीच भाव ठरवून घ्यावी. दोघांचीही वावरे शेजारी असली तर पाखरांचा भार वाटून जाईल. आणि भाकऱ्या थापण्याचे काम त्या दिवशी पुरुषांनी करावे. समितीतील काहींना हे हास्यास्पद वाटले. मी तीन महिन्यांपासून घरी शिकत आहे. पहिल्या महिन्यातल्या माझ्या भाकऱ्यांना गोलाई अशी नव्हतीच, आमच्या गाईने मात्र तक्रार केली नाही. आता त्या फुगू लागल्या आहेत. पिठाचे दोन डबे मी आज कोठीत ठेवून आलो आहे; येत्या गुरुवारी पहाटे पाच वाजता ज्यांना यावयाचे असेल त्यांनी यावे, आणि येताना घरची परात आणावी, कारण कोठीत आहे ती एकच आहे.