रंधा आणि संगणक
(वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



आपल्या सुतार समाजाच्या कितीतरी घरांत आज अभियंते आहेत, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु त्याच घरांत आजोबांचा रंधा माळ्यावर गंजत पडला आहे, याची खंतही वाटते. या दोहोंची गाठ पुन्हा कशी घालता येईल, एवढेच आज सांगावयाचे आहे. त्यासाठी उदाहरण घेतो ते काइटबोर्डचे, म्हणजे पतंगफळीचे.

संक्रांतीला नागपूरचे आकाश पतंगांनी भरून जाते. तसाच, परंतु नऊ ते बारा चौरस मीटरांचा पतंग कमरेच्या पट्ट्याला अडकवून, पायांखाली फळी घेऊन पाण्यावरून धावावयाचे, असा हा खेळ आहे. फ्रान्समधील लेगेन्यू बंधूंनी हवा भरून फुगविण्याच्या पतंगाचे पेटंट १९८४ साली घेतले. पुढे हा खेळ जगभर पसरला. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर तो पाहावयास मिळतो.

आमच्या घरच्या मुलामुलींनी गेल्या उन्हाळ्यात अशी फळी अंगणातच सिद्ध केली. लांबी १३८ सेंटिमीटर, रुंदी ४१. आकृती संगणकावर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने आखली. एक बाजू आखली की दुसरी आपोआप उमटते; साच्याच्या प्रत्येक फासळीचा नकाशाही मूळ मापाने कागदावर छापून मिळतो.

ही फळी सपाट नसते. दोन्ही टोके नावेप्रमाणे उचललेली नसतील, तर ती पाण्यात खुपसते. जाड लाकूड तासून हा बाक काढावा, तर तंतू तुटून टोके दुबळी होतात. म्हणून आय. एस. ७१० प्रतीच्या जलरोधक प्लायवुडचे चार मिलिमीटर जाडीचे तीन थर इपॉक्सीने चिकटवून साच्यावर क्लँपांनी आवळले. साच्यातून सुटताच फळी थोडी मागे उलगडते. किती, तेही गणिताने कळते. सुटे तीन थर एका थराच्या तिप्पट ताठ असतात, तर एकजीव झालेले सत्तावीसपट. म्हणून बाक सुमारे एक नवमांश कमी होतो. उठाव ४० मिलिमीटर हवा असेल, तर साचा ४५ चा करावा.

हे गणित मुलांचे. परंतु क्लँप मध्यापासून टोकांकडे आवळीत जावे, म्हणजे आत हवा कोंडत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले. कडा १२ मिलिमीटरांवरून ६ वर उतरविताना प्लायवुडच्या थरांच्या रेषा समांतर दिसल्या, तरच उतार सारखा समजावा, ही खूणही रंधा चालविलेल्या डोळ्यांचीच होती.

कोणी विचारील, आपला साग का नको? २०२३ साली उघडलेल्या नव्या संसद भवनासाठी नागपूरहूनच साग गेला. तथापि साग या कामाला जड पडतो, आणि त्याच्या अंगच्या तेलामुळे चिकट नीट धरत नाही. कोठे कोणते लाकूड चालेल हे ओळखणे, हीच खरी सुतारकी.

दोन सूचना मात्र कराव्याशा वाटतात. इपॉक्सी हाताळताना हातमोजे व घासकाम करताना मुखपट्टी वापरावी. आणि अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर हा प्रयोग कोणीही करू नये. विजेच्या तारा आणि इमारतींनी अडलेला वारा तेथे घात करील. समुद्रकिनारी, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीच तो शिकावा.

पतंगफळी हे केवळ निमित्त आहे. आपल्या मुलांना वक्र रेषेचे गणित येते, पण लाकडाचा स्वभाव ठाऊक नाही. वडिलांना तो ठाऊक आहे, पण विचारणारे कोणी नाही. हे जाणते हात थकले की ते ज्ञान कोणत्याही संगणकात सापडणार नाही. म्हणून आमची विनंती अशी की, येत्या सुटीत संस्थेने एक कामाचे टेबल, डझनभर क्लँप आणि एक संगणक एकाच खोलीत मांडावा. मुलगे व मुली दोघांनाही बोलवावे, आणि शेजारी एकेक वृद्ध कारागीर सन्मानाने बसवावा. पहिल्या टेबलासाठी लागणारे लाकूड आम्ही देऊ.