डभोई स्टेशन आणि आपण
(मंडळाच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



डभोई म्हटले की आपल्याला १७३१ ची लढाई आठवते. एका बाजूला बाजीराव पेशवे, दुसऱ्या बाजूला सेनापती त्रिंबकराव दाभाडे आणि त्यांच्यासोबत गायकवाड. मराठे मराठ्यांशी लढले, ते आपण पाठ करून ठेवले. त्याच डभोईत मराठी राज्यकर्त्याने जे उभारले, ते मात्र आपल्या बोलण्यात क्वचितच येते.

१८६१ मध्ये बी. बी. अँड सी. आय. कंपनीची मोठी लाइन सुरतेकडून बडोद्यापर्यंत आली. पुढच्याच वर्षी, १८६२ मध्ये, खंडेराव महाराजांनी त्या लाइनीवरील मियागाम ते डभोई अशी सुमारे २० मैलांची, अडीच फुटी रुळांची लाइन संस्थानच्या पैशाने टाकली. भारतातली ही पहिली नॅरोगेज. रूळ इतके हलके की इंजिनाचा भार पेलेना, म्हणून डब्यांना बैल जुंपले. १८७३ मध्ये भक्कम रूळ पडले आणि इंजिने नियमित धावू लागली. बैल ओढत असलेल्या आगगाडीला आज हसू येईल. पण कंपनी कधी आपल्याकडे वळते याची वाट न पाहता, परवडेल तेवढ्यात सुरुवात करण्याची ती हिंमत होती.

पुढे डभोईहून चांदोद, बोडेली, बडोदे अशा दिशांना फाटे फुटले आणि हे लहानसे गाव मोठे नॅरोगेज जंक्शन झाले. चांदोदला नर्मदाकाठी श्राद्धकर्मासाठी किंवा टेंबे स्वामींच्या समाधीच्या दर्शनाला गरुडेश्वरी निघालेल्या आपल्या वाडवडिलांना ही छोटी गाडी घरच्यासारखी होती.

आज डभोईला ब्रॉडगेज आहे. जानेवारी २०२१ मध्ये चांदोदपर्यंतचा रुंद केलेला मार्ग, पुढे केवडियापर्यंतची नवी लाइन आणि डभोई स्टेशनची नवी इमारत यांचे उद्घाटन झाले. छोटी गाडी गेली याची हळहळ आम्हालाही वाटते. पण स्टेशन जिवंत राहिले, लांबच्या गाड्याही तिथून जाऊ लागल्या, हे विसरून चालणार नाही. वापरात नसलेल्या स्टेशनवर शेवटी गवतच उगवते.

आमची चिंता वेगळी आहे. इमारत नवी, रूळ नवे, मग १८६२ ची आठवण राहणार कुठे? ती सरकारच्या दप्तरात आहे, तशी आपल्या माळ्यावरच्या ट्रंकांतही आहे. संस्थानच्या रेल्वेत नोकरी केलेल्यांच्या नेमणुकीची पत्रे, जुने पास, मोडीतल्या चिठ्ठ्या, फलाटावरचे फोटो. मोडी वाचणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. घर विकताना असे कागद रद्दीत जातात, हे आपण पाहिले आहे.

म्हणून आमच्या दोन विनंत्या आहेत. पहिली, येत्या दिवाळीच्या साफसफाईत असा कागद सापडला तर टाकू नका. मूळ आपल्या घरीच राहू द्या, नक्कल मंडळाला द्या. दुसरी, स्टेशनवर हा इतिहास प्रवाशाच्या नजरेस पडेल असा, गुजरातीबरोबर मराठीतही असावा, असा अर्ज मंडळाने रेल्वेकडे करावा. मात्र अर्जाला कागदांचा आधार हवा. नुसत्या जयजयकाराची दखल कोणी घेत नाही.

आणि एक भान ठेवू या. महाराजांचा खजिना इथल्या शेतकऱ्याच्या साऱ्याने भरला होता. रूळ टाकणारे हात आणि गाडी ओढणारे बैलही याच मातीतले. 'हे आमचेच' असे म्हणालो तर आपण पाहुणे ठरू. 'यात आमचेही आहे' असे पुराव्यानिशी म्हणालो तर कोणी नाकारणार नाही.

चांदोदला जायचे असेल तेव्हा मोटार घरी ठेवून एकदा गाडीने जा. नातवंडांना सोबत घ्या. डभोई आले की त्यांना खिडकीशी बसवून सांगा, इथे पहिल्यांदा बैलांनी आगगाडी ओढली.