अंगणातलं संत्र्याचं झाड

पावसाळा तोंडावर आला की नागपूर-अमरावतीकडच्या रोपवाटिकांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "लवकर फळ देणारं संत्र्याचं झाड आहे का?" आहे. पण फळ लवकर येणार की नाही, ते अर्धं कलम विकत घेतानाच ठरतं आणि अर्धं तुमच्या हातातल्या पाण्याच्या पाइपवर. आज मी मुख्यतः या दोन गोष्टींवरच बोलणार आहे.

संत्र्याचं बी पेरलं तर झाड उगवतं, बहुधा मूळ झाडासारखंच उगवतं, पण त्याला काटे फार आणि फळासाठी सात-आठ वर्षं थांबावं लागतं. बियांच्या रोपाला वयात यायलाच तेवढा वेळ लागतो. कलमाची गोष्ट वेगळी. तिथे जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर फळत्या नागपुरी संत्र्याचा डोळा बांधलेला असतो. डोळा वयात आलेल्या झाडाचा, म्हणून कलम दोन-तीन वर्षांत फुलायला लागतं आणि चौथ्या-पाचव्या वर्षी घरच्यांना पुरतील एवढी फळं देतं. पुढच्याच वर्षी टोपलीभर संत्री मिळतील असं कुणी सांगितलं, तर ऐकून घ्या आणि दुसऱ्या रोपवाटिकेत जा.

कुंडीतल्या वीत-दोन वीत झाडाला इवलीइवली केशरी फळं लगडलेली दिसली की मन मोहतं. ते बहुतेक वेळा चायना ऑरेंज असतं. शोभेला उत्तम, सरबताला नि लोणच्याला चालतं. सोलून खाल्लंत तर मात्र डोळे मिटतील.

कलम घेताना शेंडा बघू नका, वाकून बुंधा बघा. खोड जिथे किंचित वळलेलं, सालीचा पोत बदललेला दिसतो, तो जोड. तो मातीपासून वीतभर तरी वर हवा, आणि लावल्यानंतरही वरच राहायला हवा. जोडाखालून फुटलेली फूट दिसली की बोटानं मोडून टाका. ती खुंटाची असते, भराभर वाढते आणि वरच्या संत्र्याला दाबून टाकते. "संत्रं म्हणून लावलं, लिंबं लागली" अशी तक्रार करणाऱ्यांच्या झाडाशी जाऊन पाहावं, तर बऱ्याचदा डोळा केव्हाच वाळलेला असतो आणि जंबेरी डौलात उभी असते.

जागा दिवसातून सहा तास तरी उन्हाची, भिंतीपासून आठ-दहा फूट दूर. जून-जुलैत अडीच फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. पोयटा माती, कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड घालून भरा. घर नवं बांधलेलं असेल तर आधी मातीत विटांचे तुकडे, सिमेंट, चुना किती आहे ते उकरून पाहा. अशा चुनखडीच्या मातीत जस्त आणि लोह असूनही झाडाला मिळत नाही. पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग आपण खत घालत बसतो, आणि पान पिवळंच.

आता पाणी. शेतातलं संत्रं पाण्यावाचून वाळतं, अंगणातलं पाण्यापायी मरतं. सकाळी तुळशीला, गुलाबाला घातलं तसं यालाही रोज बुंध्याशी पाणी घातलं जातं. काळ्या मातीत ते साचतं, मुळं कुजतात, खोडावर डिंक झरू लागतो. त्यालाच डिंक्या म्हणतात. यासाठी दोन आळी करा: बुंध्याभोवतालचं छोटं आळं कोरडं ठेवा, पाणी बाहेरच्या आळ्यात द्या. पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावा. एका झाडापुरतं शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम कळीचा चुना आणि एक लिटर पाणी पुरतं. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा. लोखंडी बादली नको.

पाण्याचा फुलांशीही संबंध आहे. आपल्याकडची थंडी संत्र्याला पुरेशी विश्रांती देत नाही, ती आपण पाणी तोडून देतो. झाड फळावर आलं की डिसेंबरात पाणी बंद करा. पानं मलूल होऊन थोडी गळली तरी घाबरू नका. जानेवारीच्या मध्यानंतर हळूहळू पाणी सुरू करा; नवतीबरोबर फुलं येतात. हा आंबिया बहार. रोज पाणी पिणारं झाड पानांनीच डवरतं, आणि "आमचं झाड एवढं मोठं झालं, पण फूल नाही," असं आपण म्हणत राहतो. पहिली दोन वर्षं मात्र हा ताण देऊ नका, आणि चुकून फळं धरलीच तर वाटाण्याएवढी असतानाच काढून टाका. हे काम घरात कुणालाच आवडत नाही, पण कोवळ्या झाडाला फळं पोसायला लावली की त्याची वाढ खुंटते.

कोवळ्या पानांवर पाखराची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर नीट पाहा. ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचलीत तर डोक्यामागून शिंगासारखा केशरी अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. एका झाडासाठी औषध आणायला धावू नका, हातानं वेचा.

आंबियाची फळं ऑक्टोबर ते डिसेंबरात तयार होतात. रंगावर जाऊ नका. रात्री गार पडल्या नाहीत तर पिकलेलं संत्रंही हिरवट राहतं. एक फळ तोडून चाखा. आंबट निघालं तर बाकीची झाडावरच राहू द्या, कारण तोडल्यावर संत्र्याची गोडी वाढत नाही. आणि तोडायची झाली की ओढू नका, देठ ठेवून कात्रीनं कापा. ओढलं की देठाशी साल फाटते आणि फळ तिथूनच सडतं.