मेडिकलच्या मुलांचं मन

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तो विषय ठरवूनच. 'तू कॉम्प्युटरवाली, एआयवर बोल.' मी म्हटलं, एआयवर बोलणारे आता गल्लोगल्ली आहेत, मला मेडिकलच्या मुलांविषयी बोलू द्या. त्यावर साहजिकच प्रश्न आला, 'पण तू तर इंजिनियर!' खरं आहे. वीसेक वर्षं सॉफ्टवेअर लिहिते आहे. बेडकाच्या पचनसंस्थेची आकृती काढताना माझी काय अवस्था व्हायची, हे जीवशास्त्राच्या बाई इथे बसल्या आहेत, त्या सांगतील. पण गेली दोन वर्षं मी एमबीबीएस शिकणाऱ्या मुलीची आई आहे. आणि आपल्या ग्रुपवर पाहिलं तर निदान सात-आठ जणांची मुलं एक तर मेडिकलला आहेत किंवा नीटच्या तयारीत आहेत. तेव्हा हा आपल्या घरातलाच विषय आहे.

आपल्या वेळी बारावीच्या मार्कांवर मेडिकलचा प्रवेश ठरायचा. आता नीट आहे. २०२४ मध्ये देशभरातून २३ लाखांहून जास्त मुलं ही परीक्षा द्यायला बसली आणि एमबीबीएसच्या एकूण जागा होत्या सव्वा लाखाच्या आत. इतक्या चाळणीतून मूल आत गेलं की आपल्याला वाटतं, गंगेत घोडं न्हालं. ग्रुपवर पेढ्यांचे फोटो येतात, आपण अभिनंदनाचा पाऊस पाडतो. पुढची साडेचार वर्षं आणि इंटर्नशिपचं एक वर्ष ते मूल खुशीत आहे का, हे मात्र ग्रुपवर कोणी विचारत नाही. नातेवाईक विचारतात ते एवढंच, 'आता पुढे कशात एमडी करणार?'

मी सवयीप्रमाणे आकडे शोधायला बसले. पहिला धक्का बसला तो चांगल्या अर्थाने. अमेरिकेतल्या सहा वैद्यकीय महाविद्यालयांत नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांची तुलना त्यांच्याच वयाच्या इतर पदवीधरांशी केली गेली. २०१४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की मेडिकलला येणारी मुलं इतरांपेक्षा जास्त आनंदी होती. नैराश्याची लक्षणं कमी, थकवा कमी, आयुष्याबद्दलचं समाधान जास्त. म्हणजे दारातून आत येताना ती उमेदीने भरलेली असतात.

दुसरा आकडा मात्र काळजी वाढवणारा. 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात डिसेंबर २०१६ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. ४३ देश, सुमारे १ लाख २२ हजार वैद्यकीय विद्यार्थी. त्यांच्यापैकी २७.२ टक्के विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं आढळली. यातले बहुतेक अभ्यास प्रश्नावलीवर आधारलेले आहेत, त्यामुळे प्रत्येकाला आजारच होता असं म्हणता येणार नाही. तरी चारातल्या एकाचं मन खाली गेलेलं असणं ही छोटी गोष्ट नव्हे. त्याच आढाव्यातला आणखी एक आकडा मला जास्त लागला. ज्यांच्यात नैराश्य दिसलं, त्यांच्यापैकी मानसोपचार घेतलेले होते फक्त १५.७ टक्के. उद्या दुसऱ्यांवर उपचार करणारी ही मुलं स्वतः मात्र उपचारापर्यंत पोहोचत नाहीत.

आमच्या कामात, धडधाकट सर्व्हर लावले आणि काही महिन्यांनी त्यातला दर चौथा धापा टाकू लागला, तर आम्ही 'सर्व्हरच लेचापेचा निघाला' असं म्हणत नाही. त्याच्यावर टाकलेला भार तपासतो. मेडिकलच्या मुलांबाबत आपण नेमकं उलटं करतो. मूल कोमेजलेलं दिसलं की म्हणतो, 'हल्लीच्या पोरांत दमच नाही.' आत येताना तेच मूल इतरांपेक्षा आनंदी होतं, हे लक्षात घेतलं तर बोट कुठे दाखवायचं ते बदलतं.

मग भार कसला? अभ्यास तर आहेच. पहिल्याच वर्षी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री. शाळेत कायम पहिली येणारी दीडशे-दोनशे मुलं एका वर्गात बसतात, आणि त्यांच्यातही कोणीतरी एकशे ऐंशीवं असतंच. अठरा वर्षांच्या आयुष्यात जिची ओळखच 'हुशार मुलगी' अशी होती, तिला तोंडी परीक्षेत सगळ्या बॅचसमोर 'तुला इथे कोणी घेतलं?' हे ऐकावं लागलं की ती ओळख हलते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिले सहा महिने विषय आणि भाषा दोन्हींशी झुंजावं लागतं. त्यात घरापासून लांब, मेसचं जेवण आणि अर्धवट झोप. पुढे वॉर्ड सुरू झाले की विसाव्या वर्षी मृत्यू जवळून दिसतो आणि त्यावर बोलायला कोणाला वेळ नसतो.

आपल्या देशाचंही चित्र आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृती गटाने २०२४ मध्ये अहवाल दिला. त्यांच्या ऑनलाइन पाहणीत पदवीच्या २५ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं नोंदवलं आणि १६.२ टक्के विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवण्याचे विचार मनात आल्याचं सांगितलं. पदव्युत्तर विद्यार्थ्यांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होतं. अशा पाहणीत ज्यांना त्रास होतो तेच जास्त करून फॉर्म भरतात, म्हणून हे आकडे सबंध देशाला जसेच्या तसे लावू नयेत. पण फॉर्म भरणारी ती हजारो मुलं तर खरी आहेत.

आता माझ्या घरातलं. हे मी मुलीची परवानगी घेऊन सांगते आहे. पहिल्या वर्षाच्या मध्यावर एका रविवारी ती फोनवर म्हणाली, 'आई, रडू वगैरे येत नाही गं. काही वाटतच नाही.' मार्क ठीक होते, हजेरी ठीक होती. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळलं नसतं. मी विचारलं, कोणाशी बोलशील का? ती म्हणाली, 'आमच्याच हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत जाऊ? तिथे केसपेपर काढायचा, बाकड्यावर बसायचं, समोरून आमचे सीनियर जाणार. उद्या तेच सर माझी परीक्षा घेणार.'

तेव्हा मला तो १५.७ टक्क्यांचा आकडा समजला. औषध हाताशी असूनही घेता येत नाही, कारण दवाखाना आणि शाळा एकच. तिच्या एका सीनियर ताईने मार्ग काढला. स्वतः जात असलेल्या, कॉलेजशी काही संबंध नसलेल्या समुपदेशकांकडे तिला घेऊन गेली. 'मी पण जाते' हे त्या ताईचं एक वाक्य माझ्या दहा फोनपेक्षा जास्त उपयोगी पडलं. चार-पाच महिन्यांत मुलगी पुन्हा फोनवर भांडू लागली. आईला यापेक्षा चांगलं लक्षण दुसरं काय हवं?

आणि आनंदाचीही बाजू आहे, ती सांगितली नाही तर चित्र अर्धवट राहील. दुसऱ्या वर्षी तिची मेडिसिनची पोस्टिंग सुरू झाली. एका आजोबांची हिस्ट्री घेताना तिने विचारलं, 'बीपीच्या गोळ्या मध्येच का सोडल्या?' आजोबा म्हणाले, 'तालुक्याला गोळ्या आणायला आलो की एक दिवसाची मजुरी बुडते, बाई.' तिने हे रेसिडेंट डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी गावाजवळच्या आरोग्य केंद्रात त्या गोळ्या मिळतील याची चौकशी करून तसं लिहून दिलं. त्या रात्री ती पाऊण तास बोलत होती. परीक्षेत पहिली आली असती तरी इतकी बोलली नसती. आपला कोणाला तरी उपयोग झाला, हे या मुलांचं खरं टॉनिक आहे. त्यासाठीच तर ती या वाटेला आलेली असतात.

हे बदलता येतं का? येतं, आणि काही ठिकाणी ते करून पाहिलं गेलं आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने पहिल्या दोन वर्षांत श्रेणी देणं बंद करून फक्त 'उत्तीर्ण' आणि 'अनुत्तीर्ण' एवढंच ठेवलं. मुलांचं मन हलकं झालं आणि त्यांच्या अभ्यासाची पातळी घसरली नाही. सेंट लुईस विद्यापीठात त्याच्या जोडीला वर्गातले तास थोडे कमी केले, आवडीचं काही शिकायला वेळ दिला, मुलांचे आणि शिक्षकांचे छोटे गट केले. तिथे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांमधलं नैराश्य आणि चिंता लक्षणीय कमी झाली. यात महागडं काहीच नाही.

आपल्याकडेही २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीला पायाभूत वर्ग आले, रुग्णाशी कसं बोलावं आणि वागावं हा शिक्षणाचा भाग झाला. कृती गटाने सुचवलं आहे की निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नसावं आणि आठवड्याची एक सुट्टी मिळावी. रात्रपाळीत सर्व्हर सांभाळणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला आम्ही दुसऱ्या दिवशी झोपू देतो, कारण झोप न झालेला माणूस चुकीचं बटण दाबतो. इथे तर समोर माणूस असतो. ही सूचना कागदावर राहू नये, यासाठी आपण पालकांनीही बोललं पाहिजे.

व्हर्जिनियाचं वाचताना मला आपल्या आठवीच्या गणिताच्या बाई आठवल्या. आठवतं ना, बाई पेपर वाटताना पालथे ठेवायच्या. कोणाचे मार्क मोठ्याने वाचले जात नसत. ज्याला सांगायचे त्याने सांगावे. बाई, तुम्हाला कदाचित ती साधी सवय वाटत असेल. पण माझ्यासारख्या पस्तीस-चाळीस मार्कवाल्या मुलीला गणिताची भीती बसली नाही ती त्यामुळे, आणि आज गणितावरच माझं पोट चालतं.

शेवटी थोड्या विनंत्या. ज्यांची मुलं मेडिकलला आहेत त्यांनी फोनवर मार्कांच्या आधी झोप आणि जेवण विचारावं. 'काही वाटत नाही' हे वाक्य ऐकू आलं तर 'होईल सगळं ठीक' म्हणून पुढे जाऊ नये. मूल 'एक वर्ष थांबते' म्हणालं तर ते ऐकून घ्यावं. साडेपाच वर्षांत एक वर्ष वाढलं तर आभाळ कोसळत नाही. ज्यांची मुलं अजून नीटच्या तयारीत आहेत त्यांनी ही वाट मुलाला स्वतःला हवी आहे का, हे एकदा शांतपणे विचारावं.

आपल्या वर्गातून जे डॉक्टर झाले, त्यांच्याकडे माझं खास मागणं आहे. तुमच्यापैकी काही जण आज विद्यार्थ्यांना शिकवता. त्या ताईसारखं 'मलाही त्या दिवसांत जड गेलं होतं' एवढं एकदा वर्गात म्हणा. तुमच्या तोंडून ऐकलं की मुलांना मदत मागायची लाज वाटणार नाही. आणि आपल्या ग्रुपमधल्या कोणाच्या मुलाला कॉलेजबाहेरच्या डॉक्टरांशी बोलायचं असेल तर तुमच्यापैकी कोणाला फोन करायचा, हे आज जेवणाच्या वेळी ठरवूया. मी यादी करायला वही आणली आहे.

सरकारची 'टेली मानस' ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तिचा क्रमांक १४४१६. मराठीत बोलता येतं, केसपेपर लागत नाही. संयोजकांना विनंती की स्मरणिकेत हा क्रमांक ठळक छापावा, आणि इथे बसलेल्या मुलांना विनंती की तो आत्ताच मोबाइलमध्ये घालून ठेवावा. स्वतःला नाही तर हॉस्टेलमधल्या शेजारच्या खोलीला लागेल.