डॅलसच्या पोलिसांची पेन्शन



गावातला एखादा मुलगा पोलिसात लागला की घरचे पेढे वाटतात. पगाराचा आनंद तर असतोच. पण म्हातारपणी पेन्शन मिळेल, ही आशाही त्यात असते. आपल्या राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून सरकारी नोकरीत लागलेल्यांचे पेन्शनचे नियम बदलले. तेव्हापासून लोक विचारतात, हे नियम बदलतात तरी का? म्हणून आज एका दूरच्या शहराची हकीकत सांगतो.

अमेरिकेत टेक्सास नावाचे राज्य आहे. त्यात डॅलस हे मोठे शहर. तिथले पोलीस आणि आगीचे बंबवाले यांचा पेन्शनचा निधी एकच आहे. पोलिसाच्या पगारातून काही पैसे कापतात. शहराची नगरपालिका आपले पैसे घालते. तो पैसा गुंतवायचा आणि त्यातून निवृत्त माणसांना पेन्शन द्यायची. अमेरिकेत बहुतेक नोकरदारांना म्हातारपणी केंद्र सरकारकडूनही दरमहा रक्कम मिळते. डॅलसच्या पोलिसाला या नोकरीबद्दल ती मिळत नाही. त्याची सगळी भिस्त या एका निधीवर!

१९९३ साली या निधीने एक सवलत काढली. जुन्या पोलिसाने पेन्शनीची वेळ झाली तरी नोकरी सोडायची नाही. पगार घ्यायचा. पेन्शन मात्र निधीतल्या खात्यात साठू द्यायची. त्यावर व्याज किती? अनेक वर्षे ८ ते १० टक्के! बाजार चढो की पडो, व्याज ठरलेले. आता तुम्हीच हिशेब करा. ८ टक्क्यांनी १०० रुपयांचे नऊ वर्षांत २०० होतात. पण तेवढी कमाई निधीला व्हायला हवी ना?

ती झाली नाही. कारभाऱ्यांनी पैसा जमिनीत आणि मोठमोठ्या इमारतींत घातला होता. डॅलसमध्ये त्यांनी बेचाळीस मजली काचेचा मनोरा बांधला. गंमत बघा, त्या काचांवरून उन्हाची तिरीप शेजारच्या संग्रहालयात जाऊ लागली, आणि त्याचेच भांडण सुरू झाले! असल्या व्यवहारांत निधीला मोठी खोट आली. कणगीत धान्य शंभर पायली, आणि देणे दोनशे पायलीचे, अशी गत झाली.

२०१६ साल उजाडले. त्या जुलैत डॅलसमध्ये एका बंदूकवाल्याने पाच पोलिसांना मारले. शहर त्यांच्यासाठी रडले. पण पुढच्याच महिन्यात निधीच्या मंडळाने पैसे काढण्यावर बंधने आणण्याचा विचार सुरू केला, आणि पळापळ झाली. ज्यांची खाती होती, ते एकरकमी पैसे काढू लागले. थोड्या महिन्यांत ५० कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाहेर गेली. मी त्यांना दोष देत नाही. आपली पतपेढी बुडते असे कानावर आले तर आपण घरी बसू काय? पण एकाने काढले की दुसऱ्याच्या वाट्याचे कमी होते, हेही खरे. डिसेंबरात महापौर माईक रॉलिंग्ज कोर्टात गेले. मग मंडळाने एकरकमी पैसे देणे थांबवले.

२०१७ साली टेक्सास राज्याने नवा कायदा केला. पोलिसाच्या पगारातून आता १३.५ टक्के कापू लागले. आधी कुणाचे ८.५ टक्के कापत, खातेवाल्यांचे तर फक्त ४. नगरपालिकेचाही भाग वाढला. पूर्ण पेन्शनचे वय ५८ झाले. दरवर्षी पेन्शन वाढत असे, ती वाढ थांबली. म्हणजे महागाई वाढली तरी म्हातारीच्या हातात तेवढेच पैसे. खात्यातली साठवण एकदम मिळणार नाही, हप्त्याहप्त्याने मिळणार, असेही ठरले.

निवृत्त लोक कोर्टात गेले. "आमचे हक्काचे पैसे आमच्या हाती द्या," असे त्यांचे म्हणणे. पण २०२० साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने हप्त्यांची पद्धत राज्यघटनेला धरून आहे, असे सांगितले.

तरुण पोलिसांवर तर दुहेरी भार आला. जास्त भरायचे आणि कमी घ्यायचे. ते व्याज त्यांनी कधी खाल्लेच नव्हते! त्या काळात शेकडो पोलीस डॅलसची नोकरी सोडून गेले.

आणि २०१६ मध्ये ज्यांनी आधी धावत जाऊन रक्कम उचलली, त्यांची रक्कम त्यांच्याकडेच राहिली. जे नोकरीवर हजर राहिले आणि थांबले, ते हप्ते घेत आहेत.