तीन पैशांची नोंद

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातील बक्षीस समारंभात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी काही वक्ता नाही. उभा जन्म नोकरीत आकडेमोड करण्यात गेला. त्यामुळे कार्यवाहांनी जेव्हा "चार शब्द बोला" म्हणून आग्रह केला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. पण मग त्यांनी सांगितले की, आपल्या मंडळातल्या नववी-दहावीच्या मुलामुलींनी यंदा सुंदरबनातल्या एका शाळेसाठी दप्तरे आणि वह्या घ्यायला पैसे जमवायचे ठरवले आहे. २० मे २०२० च्या अम्फान वादळाने त्या भागाचे काय केले, ते आपण कोलकात्यात राहून पाहिले आहे. मुलांनी हे मनावर घेतले याचा मला फार आनंद झाला. आणि त्याच वेळी एक जुनी खूणगाठ मनात दुखली. तेवढ्यासाठीच मी आज उभा राहिलो आहे.

माझे बालपण वाईला गेले. कृष्णाकाठचे, ढोल्या गणपतीचे वाई. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे आम्ही गाढ झोपेत असताना जमीन हलली. फळीवरची पितळेची भांडी धडाधड खाली आली. आई आम्हा भावंडांना ओढत अंगणात घेऊन गेली. दिवस उजाडल्यावर हळूहळू बातमी आली की कोयनानगरला भूकंप झाला आहे. सुमारे १८० माणसे त्यात गेली, हजारोंची घरे पडली. आमचाच सातारा जिल्हा, आमचीच माणसे. पाटण खोऱ्यात ज्यांचे मामा-मावशी होते, अशी मुले आमच्या वर्गातच होती.

मी तेव्हा नववीत होतो. चारच दिवसांपूर्वी, ७ डिसेंबरला, सैनिकांच्या ध्वजदिनासाठी आम्ही गावात छोटे झेंडे विकले होते, त्यामुळे पैसे मागण्याची भीड चेपलेली होती. आमच्या गणिताच्या सरांनी वर्गाच्या चार चार मुलांच्या टोळ्या केल्या. प्रत्येक टोळीला डालड्याचा एक रिकामा डबा दिला. झाकणाला चीर पाडून लाखेने ते बंद केलेले. बरोबर एक वही. सरांचे नियम तीनच होते. कोणी नाही म्हटले तर हुज्जत घालायची नाही. पैसे देणाऱ्याने स्वतःच्या हाताने डब्यात टाकायचे. आणि एक पैसा दिला तरी नाव लिहायचे.

आठवडी बाजाराच्या दिवशी आमची टोळी गणपती आळीपासून निघाली. वाड्यांतून, दुकानांतून, एसटी स्टँडवर आम्ही फिरलो. कोणी रुपया दिला, कोणी चार आणे, कोणी "पुढे जा" म्हणाले. बाजारात मेथी-पोकळा घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या आजीने कनवटीची गाठ सोडली. तीन पैशांचे ते षट्कोनी ॲल्युमिनियमचे नाणे आजच्या मुलांनी पाहिलेही नसेल. ते हातात धरून तिने विचारले, "हे त्येस्नी पोचंल का रं?" मी म्हणालो, "पोचेल, आजी." मी वहीत तिचे नाव लिहिले, पुढे तीन पैसे लिहिले.

दुपारी तीनच्या सुमारास भूक लागली. स्टँडजवळ भज्यांचा घाणा निघत होता. आता सरांचा दुसरा नियम आम्ही सकाळीच मोडलेला होता. गर्दीत काही जणांनी पैसे आमच्या हातात दिले, ते आम्ही खिशात ठेवले होते, नंतर डब्यात टाकू म्हणून. त्यातल्या चाळीस पैशांची आम्ही चौघांनी भजी खाल्ली. घरून आणून भरू, असे एकमेकांना सांगितले. पण घरी चाळीस पैसे कोणत्या तोंडाने मागणार? रात्री आम्ही वही घेऊन बसलो. जमा रक्कम वहीशी जुळायला हवी होती. मग मी, अक्षर माझे चांगले म्हणून, वहीचे शेवटचे पान नव्याने लिहिले आणि त्यातल्या सात नोंदी गाळल्या. दोन पैसे, तीन पैसे, पाच पैसे, दहा पैसे अशा. सगळ्या मिळून बरोबर चाळीस.

मुलांनो, नीट ऐका. रुपया देणाऱ्या दुकानदाराचे नाव मी गाळले नाही. डॉक्टरांचे नाव गाळले नाही. ज्यांनी सर्वांत कमी दिले होते, त्यांचीच नावे गाळली, कारण ती माणसे हिशेब विचारायला शाळेत येणार नाहीत, अशी माझी खात्री होती.

सरांनी सर्व टोळ्यांची यादी शाळेच्या फलकावर लावली. पैसे तहसील कचेरीत भरले. तीन दिवसांनी पाचवीतला एक मुलगा सरांकडे आला आणि म्हणाला, "सर, आजीनं विचारलंय, तिचं नाव कुठं आहे?" आजीला अक्षर येत नव्हते. तिने नातवाला यादी वाचायला सांगितली होती.

सरांनी मला बोलावले. मी काही फार वेळ तग धरला नाही. मारतील असे वाटले होते, पण त्यांनी हात उगारला नाही. एवढेच म्हणाले, "चाळीस पैसे मी आत्ता खिशातून टाकू शकतो. बेरीज जुळेल. पण हिशेब खोटाच राहील." मग त्यांनी सातही नावे माझ्याच हाताने फलकावर लिहून घेतली, खाली 'चाळीस पैसे मुलांनी खर्च केले, ते भरून घेतले' असेही लिहायला लावले, आणि पुढच्या बाजारी मला त्या आजीकडे जायला सांगितले. चाळीस पैसे आम्ही चौघांनी रद्दी विकून भरले.

आजी रागावली होती. म्हणाली, "तीन पैशानं माजं काय जात न्हाई आन् येत न्हाई. पर नाव नसलं, म्हंजी म्या दिलंच न्हाई असं झालं की रं." तिचे हे वाक्य मी आजतागायत विसरलेलो नाही. पुढे नोकरीत मी मोठमोठ्या रकमांचे ताळे जुळवले, पण हिशेब हा पैशांचा नसून माणसांचा असतो, हे मला त्या भाजीवालीने शिकवले.

आपल्याकडे ही शिकवण नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली. प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभे करायचे. लोक हसले असतील. पण लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिले, स्वयंसेवक गावोगाव हिंडले. १९०५ मध्ये इथे बंगालमध्ये वंगभंगाविरुद्ध स्वदेशीचे वारे उठले, ते तिकडेही पोचले, आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. जपानात काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो चालवला. तिथे शिकलेले कारागीर पुढे देशातल्या इतर कारखान्यांत गेले. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुष्टिफंड काढला. १९१९ साली आमच्याच सातारा जिल्ह्यात काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. ज्या बाईकडे पैसा नव्हता, ती स्वयंपाकाआधी मूठभर धान्य बाजूला काढी आणि त्यावर वसतिगृहातली गरिबांची मुले जेवत. एखाद्या धनिकाकडून एकरकमी देणगी घेणे सोपे होते. पण या दोघांनी वाट धरली ती पैशाची आणि मुठीची. कारण ज्याने पैसा दिला तो म्हणतो, कारखाना माझा. जिने मूठ दिली ती म्हणते, शाळा माझी.

मी १९७७ साली नोकरीनिमित्त कोलकात्यात आलो. हाजरा रोडजवळ एका खोलीत राहत होतो. बंगाली एक शब्द येत नव्हते. पुढच्याच वर्षी सप्टेंबरअखेर तो भयंकर पाऊस झाला. शहर पाण्यात, जिल्हेच्या जिल्हे पुरात. पूजा तोंडावर आलेली. पाणी ओसरल्यावर आमच्या पाड्यातली शाळकरी मुले चादरीची चार टोके धरून गाणे म्हणत गल्लीतून आली. "दादा, बन्यार जोन्नो किछु दिन." शब्द कळले नाहीत, चादर कळली. कोणी तांदूळ टाकत होते, कोणी चिडे-गूळ, कोणी जुने कपडे. मी पाच रुपये टाकले. त्यांतल्या एका मुलाने खिशातून वही काढली आणि माझे नाव विचारले. ते आडनाव त्याला लिहिता येईना. तीनदा विचारून त्याने ते बंगालीत लिहिले आणि मला वाचून दाखवले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की मी या पाड्याचा आहे. नाव लिहिले गेले ना!

आता आईवडिलांशी थोडे बोलतो. आपल्या मुलांच्या शाळेतून कधी कधी मदतनिधीचा छापील कागद येतो. देणगीदारांची नावे आणि रकमा लिहायला रकाने असतात. आपण काय करतो? संध्याकाळी थकून आलेले असतो, मूल दारोदार फिरायला नको, परीक्षा जवळ आली आहे. आपण स्वतःच हजार रुपये घालतो आणि रकान्यात काका, मामा, आजोबा यांची नावे भरून टाकतो. मीही माझ्या मुलीसाठी हे एकदा केले आहे. बेरीज जुळते. पण वाईच्या सरांच्या भाषेत, हिशेब खोटा असतो. मुलाला तिथे एकच गोष्ट शिकायला मिळते, की दान म्हणजे बाबांची सही.

माझी विनंती आहे, यंदा तसे करू नका. मुलांना फिरू द्या. आपल्या सोसायटीत, शेजारच्या बंगाली घरांत, कचेरीतल्या सहकाऱ्यांकडे जाऊ द्या. एकेकटे नको, तीन-चार जण मिळून, आणि एखादा मोठा माणूस मागे दूर उभा राहील अशा बेताने. चार दारे बंद होऊ द्या. दुसऱ्यासाठी मागताना 'नाही' ऐकून घेणे हाही एक अभ्यास आहे, आणि तो कोणत्याही क्लासमध्ये मिळत नाही.

बालमित्रांनो, तुमच्याकडे आता डालड्याचा डबा नसेल, मोबाइलवर क्यूआर कोड असेल. हरकत नाही. पण दारावरचा रखवालदार, लिफ्टवाले दादा, घरी कामाला येणाऱ्या मावशी यांनी दहा रुपये काढून दिले, तर ते "राहू द्या" म्हणून परत करू नका. घ्या, आणि नाव विचारून लिहा. त्यांच्यापर्यंत हिशेब पोचेल असे बघा. दप्तरे शाळेत पोचली की परत त्यांच्या दारी जा आणि सांगा, "पोचले."

इथे समोर बडाबाजारातली आमची गलाईवाली मंडळी बसली आहेत. सांगली जिल्ह्यातून येऊन त्यांनी या शहरात नाव कमावले. त्यांच्या दुकानातली धूळसुद्धा फेकत नाहीत. ती झाडून, धुऊन, गाळून तिच्यातला सोन्याचा कण काढतात. मुलांनो, वही लिहिताना या काकांना आठवा. बारीक कण गेला म्हणून काय झाले, असे ते कधी म्हणणार नाहीत.

वाईच्या त्या यादीतली रुपया देणाऱ्यांची नावे मला आज आठवत नाहीत. जी सात नावे मी गाळली होती, ती मात्र साठ वर्षे होत आली तरी क्रमाने पाठ आहेत. तुमच्यावर अशी नावे पाठ करण्याची वेळ येऊ नये, एवढाच आशीर्वाद देतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

गणपती बाप्पा मोरया!