रकाने संपले, हिशोब नाही



बचत गटाचा हिशोब आता बऱ्याच ठिकाणी वहीसोबत संगणकावरही ठेवतात. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये तक्ता करताना आखणी वहीसारखीच होते. एका ओळीत एक सभासद आणि पुढे दर आठवड्याच्या बचतीचा एक रकाना. चार वर्षं सुरळीत जातात. पाचव्या वर्षी मात्र नवा रकाना घातला की संदेश येतो, 'टू मेनी फील्ड्स डिफाइन्ड'. म्हणजे रकाने फार झाले.

ॲक्सेसच्या एका तक्त्यात जास्तीत जास्त २५५ रकाने बसतात. आणि वर्षाचे ५२ आठवडे धरले, तर पाच वर्षांचे होतात २६०!

घाबरू नका, आधीच्या नोंदी जागेवरच असतात. पण जागा करायला जुने आठवडे पुसू नका. बँकेकडे कर्ज मागताना आपली पत त्याच नोंदी सांगतात. शिवाय पुसलेला रकानाही आतल्या मोजणीत राहतो.

मग करायचं काय? आधी फाईलची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. मग 'डेटाबेस टूल्स'मध्ये जाऊन 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' करा. पुसलेल्या रकान्यांची मोजणी त्याने निघून जाते. रकाने खरोखरच भरले असतील, तर आखणी बदलावी लागेल.

दोन तक्ते करा. पहिल्यात सभासद क्रमांक, नाव, मोबाईल. दुसऱ्यात सभासद क्रमांक, तारीख, रक्कम. पैसे जमा झाले की दुसऱ्या तक्त्यात एक ओळ वाढवायची. वीस जणींच्या गटाच्या वर्षाला १,०४० ओळी होतील. होऊ द्या! ओळींना आकड्याची मर्यादा नाही, फक्त फाईल २ जीबीच्या आत हवी. जुन्या नोंदी नव्या तक्त्यात नेल्यावर प्रत्येकीची बेरीज वहीशी ताडून पाहा. ती जुळेपर्यंत जुना तक्ता काढू नका.

आणखी दोन गोष्टी. रकमेच्या रकान्याला 'इंटिजर' आकार दिला, तर ३२,७६७ च्या वरची रक्कम बसत नाही. पन्नास हजारांचं कर्ज लिहिणार कुठे? तिथे 'करन्सी' निवडा. मोबाईल आणि खाते क्रमांक 'शॉर्ट टेक्स्ट'मध्ये ठेवा, नाहीतर खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळतात.

नोंदी दुसऱ्या कुणी भरत असतील, तरी पुढच्या बैठकीत एवढं विचाराच, 'ताई, आपल्या तक्त्यात रकाने वाढतायत की ओळी?' पैसा आपला आहे, त्याची आखणीही आपल्याला कळायला हवी.